उलटी पाचर

कराडहून पाटणकडे जाताना वाटेत एक जुना पूल लागतो. पुलाचे काँक्रीट संपून डांबर सुरू होते तिथे बोटभर खोल सांधा आहे. माझी जीप ताशी 45 किलोमीटरच्या आसपास असली आणि पुढचे उजवे चाक त्या सांध्यावरून गेले, की स्टिअरिंगचे चाक हातात डावे-उजवे आपटू लागे. आधी मनगटाला जाणवेल एवढेच, मग दोन-तीन सेकंदांत इतके जोरात, की दोन्ही हातांनी धरूनही ते आवरत नसे, बॉनेट थरथरे, आरसे फिरून जात आणि माणूस चालतो तेवढा वेग उतरल्याशिवाय ती थरथर थांबत नसे. एकदा थांबली, की गाडी पुन्हा शहाण्यासारखी चालू लागे, जणू काही झालेच नव्हते. दोन वर्षे मी त्या पुलाआधी वेग कमी करत आलो, आणि गेल्या पावसाळ्यानंतर मात्र हा प्रकार पुलाशिवायही, साध्या खड्ड्यावर होऊ लागला.

ही जीप सीजे-3बी जातीची, 1974 सालची आहे. उंच बॉनेटची, आखूड, मागे-पुढे पाट्यांवर, म्हणजे पानांच्या स्प्रिंगवर, उभी. एका साखर कारखान्याच्या शेतकी विभागात माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, चालक होते आणि ही गाडी त्यांच्या हाताखाली सतरा वर्षे होती. कारखान्याने मध्येच तिचे पेट्रोल इंजिन काढून जड डिझेल इंजिन बसवले आणि शेवटी तिचा लिलाव केला, तेव्हा अण्णांनी नाही, मी ती घेतली. अण्णा निवृत्त झाले होते आणि मला मोरणा खोऱ्यातल्या आमच्या रानापर्यंत जायला चारी चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. तिथला शेवटचा 3 किलोमीटरचा रस्ता म्हणजे जांभ्याच्या सड्यावरची चाकोरी आहे. ती चाकोरी ट्रॅक्टरने पाडलेली असल्यामुळे रुंद, आणि जीपच्या दोन चाकांमधले अंतर जेमतेम 4 फूट, त्यामुळे एक चाक चाकोरीत आणि दुसरे मधल्या उंचवट्यावर अशीच ती कायम तिरपी चालते. पुढच्या अ‍ॅक्सलची जी दशा मी पुढे सांगणार आहे तिचा अर्धा उगम या 3 किलोमीटरांत आहे.

बैलगाडीच्या आसाला एकच काम असते, ओझे पेलण्याचे. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या साध्या मोटारीच्या पुढच्या अ‍ॅक्सलला दोन असतात, ओझे पेलायचे आणि चाके वळू द्यायची. जीपच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर तिसरे काम येते, ते म्हणजे वळलेल्या चाकालाही इंजिनची ताकद पोचवायची. हे तिसरे काम सगळ्यांत अवघड. चाक वळले की त्याच्याकडे जाणारा दांडा मध्येच वाकायला हवा आणि वाकलेल्या अवस्थेत फिरतही राहायला हवा. साध्या क्रॉस जॉइंटने हे जमते, पण वाकलेल्या कोनात तो एका फेरीत दोनदा चाकाला किंचित घाई करतो आणि दोनदा किंचित रेंगाळवतो. हा हेलकावा टाळण्यासाठीच गोळ्यांचे, समान गतीचे जॉइंट निघाले. अमेरिकी सैन्याला 1940 च्या उन्हाळ्यात हलकी चौचाकी ओढीची गाडी हवी होती आणि पहिला नमुना तयार करायला बँटम कंपनीला 49 दिवस मिळाले. एवढ्या वेळात नवा अ‍ॅक्सल कोण घडवणार? म्हणून स्पायसर कंपनीने स्टुडबेकर चॅम्पियन नावाच्या घरगुती मोटारीचा अ‍ॅक्सल घेऊन त्यात बदल केले. विलिस आणि फोर्ड या दोघांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सुमारे 6 लाख 40 हजार जीपा बांधल्या, आणि त्याच वळणाचा अ‍ॅक्सल पुढे मुंबईत महिंद्र कंपनीने जुळवलेल्या आणि नंतर इथेच घडवलेल्या जीपांखाली आला. मुलांना वर्गात विज्ञान शिकवताना मला नेहमी वाटत आले, की मोठ्या शोधापेक्षा अशी जोडाजोड सांगायला हवी. घाईत, दुसऱ्याच गाडीसाठी केलेला भाग घेऊन इतके टिकाऊ काही उभे राहिले, हे मला आजही थोर वाटते.

आता माझ्या दोन वर्षांच्या खर्चाकडे वळतो. सुरुवातीला मला टायर बदलायला सांगितले गेले, मी बदलले. मग चाकांचे बॅलन्सिंग झाले. मग एका वर्कशॉपमध्ये स्टिअरिंगला डॅम्पर बसवून दिला गेला. डॅम्पर म्हणजे आडवा बसवलेला छोटा शॉकअप. एक टोक अ‍ॅक्सलला आणि दुसरे चाके वळवणाऱ्या टाय रॉड नावाच्या दांड्याला, त्यामुळे चाकांचा हिसका तो गिळतो. महिना-दीड महिना सगळे शांत होते आणि मला बरे वाटले, पण मग थरथर पुन्हा आली आणि या वेळी अधिक वेगाने, अधिक जोराने आली. तापाच्या रोग्याला नुसते गार पाण्यात बसवावे तसे ते झाले होते. डॅम्परला मी वाईट म्हणणार नाही, धडधाकट अ‍ॅक्सलवर तो उपयोगाचाच असतो. पण आतला ढिलेपणा त्याने दीड महिना झाकून ठेवला आणि तेवढ्या काळात तो वाढला.

शेवटी अण्णांनीच कराडच्या जुन्या मिस्त्रींकडे जायला सांगितले. कारखान्याच्या जीपा वर्षानुवर्षे त्यांच्याच हाताखालून गेलेल्या. सगळे त्यांना चाचा म्हणतात. ते आता सत्तरीत आहेत, शेडमध्ये खुर्ची टाकून बसतात, पाने त्यांचा नातू हलवतो. मी सगळी हकिकत सांगितली तेव्हा त्यांनी मध्ये एकदाही तोडले नाही, आणि मग म्हणाले, "मास्तर, स्टिअरिंगला काय झालं न्हाई. स्टिअरिंग नुसतं सांगतंय. दुखणं खाली हाय."

त्या दिवशी त्यांनी एकही भाग उघडला नाही. सपाट फरशीवर गाडी उभी करून मागच्या चाकांना दगड लावले, पुढचा अ‍ॅक्सल जॅकने उचलून खाली घोड्या लावल्या आणि नातवाला उजवे चाक वर-खाली धरून हलवायला सांगितले. चाक टक-टक वाजले. मग मला म्हणाले, आत बसा आणि ब्रेक दाबा. मी ब्रेक दाबला, नातवाने पुन्हा हलवले, टकटक तशीच. एवढ्यावरून चाचांनी सांगितले, की चाकाचे बेअरिंग नाही, किंग पिन, म्हणजे चाक जिच्यावर डावे-उजवे वळते ती उभी पिन, गेली आहे. यामागची युक्ती मला इतकी आवडली, की मी ती दहावीच्या मुलांना फळ्यावर काढून दाखवली. ब्रेक दाबला की फिरणारा ड्रम आणि न फिरणारी प्लेट एकमेकांना जखडतात, म्हणजे चाक आणि त्याला धरून वळणारा भाग, नकल, मिळून एक तुकडा होतो. चाकाच्या बेअरिंगमध्ये ढिलेपणा असता तर तो आता नाहीसा झाला असता. तो उरला, याचा अर्थ नकल ज्या पिनांवर वळते त्या पिनांमध्येच तो आहे. डाव्या चाकाचे उलट निघाले. तिथे ब्रेक दाबताच टकटक थांबली, म्हणजे तिथले दुखणे चाकाच्या बेअरिंगचे. मग नातवाने स्टिअरिंग थोडे-थोडे डावे-उजवे हलवत ठेवले आणि चाचांनी मला गाडीखाली झोपवून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवायला लावले. फ्रेमच्या मधल्या आडपट्टीवर बेल क्रँक नावाचा हात असतो, तो स्टिअरिंगकडून आलेली हालचाल दोन्ही टाय रॉडना वाटून देतो. त्याच्या पिनेवर बोट ठेवले तेव्हा हात हलण्याआधी पिनच बुशात इकडून तिकडे सरकत असल्याचे बोटाला स्पष्ट कळले. टाय रॉडच्या चार टोकांपैकी दोन ढिली होती.

एकही ढिलेपणा अर्ध्या मिलिमीटरहून फारसा मोठा नव्हता. वेगळा काढून दाखवला असता तर कोणीही म्हणाले असते, चालतंय, जाऊ दे. पण पुढचे एक चाक सांध्यावर आपटून वर उचलले गेले, की अख्खा अ‍ॅक्सल तिरपा होतो आणि वेगाने फिरणारी दोन जड चाके तिरपी झाल्याबरोबर आडवी वळू पाहतात. सायकलचे चाक दोन्ही हातांत आसाला धरून, ते जोरात फिरवून, एका बाजूला कलते करून पाहा. ते हातांतून आडवे पिळवटून निघते, ते हेच. धडधाकट अ‍ॅक्सलमध्ये हा पीळ तिथल्या तिथे विरतो. माझ्या अ‍ॅक्सलमध्ये किंग पिनेचा अर्धा मिलिमीटर, बेल क्रँकचा अर्धा, टाय रॉडच्या दोन टोकांचा थोडा-थोडा, असा सगळा मिळून त्याला झोका घ्यायला पुरेसा मोकळा पट्टा मिळत होता, आणि झोका एकदा लागला की दर हेलकाव्याला तो वाढत होता.

शाळेला दिवाळीची सुट्टी लागली आणि मी आठ दिवस शेडमध्ये हाताखाली राबायचे ठरवले. चाचांची अट एकच होती: निघालेला प्रत्येक भाग, वायसरसुद्धा, ज्या बाजूचा त्या बाजूच्या पत्र्याच्या ताटलीत, निघाला त्या क्रमाने ठेवायचा. डाव्या चाकाचे नट काढताना मी पान्यावर उभा राहिलो तरी ते हलेनात, तेव्हा नातवाने हसून सांगितले, की जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात, सोडवायला घड्याळाच्या दिशेने फिरवावे लागतात. चाक पुढे फिरताना नट आपोआप सैल पडू नयेत म्हणून ती काळजी घेतलेली होती.

ड्रम, ब्रेकची प्लेट, हबचा दांडा असे एकेक काढत गेल्यावर नकलचे पोट उघडते. या अ‍ॅक्सलमध्ये जॉइंट उघड्यावर नसतो. अ‍ॅक्सलच्या टोकाला लोखंडी गोलार्ध आणि त्यावर टोपीसारखी बसलेली नकल, या दोघांच्या मध्ये तो ग्रीसमध्ये बुडून असतो. गोलार्ध आणि नकल यांच्यामधल्या फटीवर नमद्याची पट्टी आणि सील दाबून बसवलेले असते. उजवीकडची पट्टी निघाली ती झिजून दोऱ्यासारखी झालेली. आतून जे बाहेर आले त्याला ग्रीस म्हणणे अवघड होते. दुधाळ चहाच्या रंगाचा, वाळूचे कण मिसळलेला पातळ लगदा डब्यात पडला आणि त्यातून पाणी वेगळे होऊन कडेला आले.

पाणी ओढ्याचे होते यात शंका नव्हती, कारण रानाकडे जाताना दोन ओढे लागतात आणि पावसाळ्यात दोन्ही हबच्या वरपर्यंत असतात. पण नुसत्या फाटक्या सीलमधून इतके पाणी जाईल असे मला वाटले नाही. चाचांनी डिफरन्शियलच्या हाऊसिंगवर बसवलेला छोटा ब्रीदर, आतली हवा ये-जा करायची वाट, दाखवला. तो मातीने गच्च बुजलेला होता. तीस किलोमीटर चालून अ‍ॅक्सल तापलेला असतो, आतली हवाही तापलेली असते. तो एकदम ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि बाहेरून हवा आत घेऊ पाहते. ब्रीदर उघडा असेल तर हवा तिथून येते, तो बुजलेला असेल तर अ‍ॅक्सल जिथून मिळेल तिथून ओढतो, आणि त्या घटकेला सील पाण्याखाली असते. म्हणजे दर पावसाळ्यात त्या दोन ओढ्यांवर माझी जीप पाणी पीत होती. हे शिकवण्यासाठी मी प्रयोगशाळेत गरम केलेला पत्र्याचा डबा गार पाण्यात चेपवून दाखवतो. तेच तत्त्व स्वतःच्या गाडीत मला इतकी वर्षे दिसले नव्हते.

किंग पिना वर एक आणि खाली एक अशा असतात आणि प्रत्येकीवर निमुळते रोलर बेअरिंग. खालचे उजवे बेअरिंग मी रॉकेलमध्ये धुतले, त्याचा कप जुन्या धोतराच्या फडक्याने पुसला आणि उजेडाकडे धरला. आतली चकचकीत पट्टी सगळीकडून गुळगुळीत असायला हवी होती. तिच्यावर ओळीने बारीक उभ्या खाचा होत्या, जिथे जिथे रोलर टेकले होते तिथे तिथे एक. नख फिरवले तर नख प्रत्येक खाचेत अडत होते. चाकाचे बेअरिंग पूर्ण गरगर फिरते, त्यामुळे त्याची झीज सगळीकडे वाटली जाते; किंग पिनेचे बेअरिंग मात्र कधीच पूर्ण फिरत नाही. ते थोडे डावीकडे जाते, थोडे उजवीकडे, आणि बहुतेक आयुष्य सरळ चालीच्या त्याच एका जागी ओझे घेऊन उभे असते. सड्यावरचा प्रत्येक दगड त्याच जागी हातोडीसारखा बसतो. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग मध्यावर किंचित अडकल्यासारखे वाटते असे मी कितीदा म्हटले होते, आणि ते अडकणे म्हणजे हे रोलर त्या खाचांमध्ये बसणे होते. तो कप हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिलो. सहा महिने ज्या गोष्टीला मी स्टिअरिंगचा स्वभाव म्हणत होतो ती इथे नखाला लागत होती.

बेअरिंगच्या कडेवर क्रमांक कोरलेले असतात. किंग पिनेच्या बेअरिंगवर 11590 आणि त्याच्या कपावर 11520; चाकाच्या बेअरिंगवर 18590 आणि कपावर 18520. युद्धाच्या जीपमध्ये हेच क्रमांक होते. पुण्याला नाना पेठेत जाऊन मी नुसते क्रमांक सांगितले, गाडीचे नाव घेण्याचीही गरज पडली नाही, आणि दुकानदाराने फळीवरून डबे काढून समोर ठेवले. ज्या गाडीचे दिवे, काचा, गिअरचे भाग मिळवताना जीव मेटाकुटीला येतो तिच्या सांध्यांचे हाड मात्र अजून कुठेही मिळते, या गोष्टीचा मला फार आधार वाटला.

नवे बेअरिंग बसवले म्हणजे काम झाले असे नाही. वरच्या आणि खालच्या टोपीखाली पातळ पत्र्याचे शिम घालून बेअरिंगवरचा दाब ठरवावा लागतो. शिम जास्त झाले तर पिन ढिली राहते, कमी झाले तर बेअरिंग गच्च दाबले जाऊन लवकर मरते. शिवाय वर आणि खाली शिमांची जाडी सारखी ठेवावी लागते, नाहीतर नकल वर-खाली सरकून आतल्या दांड्याचा मध्य चुकतो. सगळ्यांत पातळ शिम इंचाच्या हजारातील तीन भाग एवढ्या जाडीचे असते, कागदापेक्षा बारीक. दाब बरोबर आहे की नाही हे चाचा हाताने ओळखतील असे मला वाटले होते. त्यांनी ताणकाटा मागवला, नकलच्या हाताला जिथे टाय रॉड जोडला जातो त्या भोकात त्याचा आकडा अडकवला आणि सील न लावता नकल सावकाश ओढली. काट्यावरचा आकडा वाचला, डोके हलवले, एक शिम काढले, पुन्हा ओढले. उजव्या बाजूला हे सहा वेळा झाले. पन्नास वर्षांचा हात असलेल्या माणसाने काट्यावर विश्वास ठेवावा, हाताच्या अंदाजावर नाही, हे मला त्यांच्या सगळ्या कौशल्यापेक्षा मोठे वाटले. डाव्या चाकाचे बेअरिंग मात्र पटकन झाले: आतला नट चाक अडेपर्यंत आवळायचा, मग सुमारे एक षष्ठांश फेरी मागे घ्यायचा, चाक मोकळे फिरले पाहिजे आणि हलता कामा नये, मग वायसरची जीभ वाकवून बाहेरचा नट.

आता पाट्यांकडे येतो, आणि खरे गुपित तिथे होते. उजवा पाटा बसला होता. मी बहुधा एकटाच गाडी चालवतो, चालकाची बाजू उजवी, डिझेल इंजिनचे जादा वजन पुढे, त्यामुळे उजव्या पाट्याची कमान जवळजवळ सपाट झाली होती. शिवाय पाट्यांना एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटलेला निघाला. या बोल्टचे डोके अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसते आणि अ‍ॅक्सलला पुढे-मागे सरकू देत नाही. पाटा आवळून धरणारे यू-बोल्ट ढिले पडले की सगळा हिसका या एका बोल्टवर येतो. दोरी लावून पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर मोजले तेव्हा उजवीकडे ते डावीकडच्यापेक्षा 11 मिलिमीटरने कमी भरले. म्हणजे अ‍ॅक्सल उजव्या बाजूला मागे सरकला होता आणि गाडी उजवीकडे ओढते ही माझी दुसरी तक्रार तिथेच मिटली.

पाटे खोलताना नातवाच्या हातात दोन लोखंडी पाचरी आल्या. अ‍ॅक्सलची बैठक आणि पाटा यांच्यामध्ये, दोन्ही बाजूंना एकेक. चाचांनी एक पाचर बोटांत फिरवून पाहिली आणि विचारले, "ही कुठल्या तोंडानं होती?" नातवाने ताटलीतली जागा दाखवली. जाड बाजू मागे.

ही गोष्ट नीट सांगायला हवी. सायकलचा पुढचा चिमटा किंचित मागे झुकलेला असतो. बऱ्याच अंशी त्या झुकावामुळे हात सोडले तरी सायकल सरळ चालते आणि वळल्यावर चाक आपोआप मध्यावर येते. जीपच्या किंग पिनेलाही असाच मागे झुकाव असतो आणि तो सुमारे 3 अंश ठेवायचा असतो. तो कमी झाला की चाकांना सरळ राहण्याची ओढ उरत नाही, आणि शून्याजवळ गेला की चाके कोणत्याही हिसक्याला बळी पडतात. या जीपमध्ये पुढच्या पाट्याचे पुढचे टोक शॅकल नावाच्या झुलत्या दुव्यावर लोंबते आणि मागचे टोक कायमच्या पिनेवर असते. माझ्या आधी, लिलावापूर्वीच्या कुठल्यातरी दुरुस्तीत, गाडी उंच दिसावी म्हणून लांब शॅकल बसवले होते. शॅकल लांब झाले की पाट्याचे पुढचे टोक फ्रेमपासून खाली जाते, त्याबरोबर अ‍ॅक्सलचा माथा पुढे कलतो आणि किंग पिनेचा झुकाव कमी होतो. ते कोणाच्या तरी लक्षात आले असावे, म्हणून झुकाव परत मिळवायला 2 अंशांच्या पाचरी घातल्या. या जीपमध्ये अ‍ॅक्सल पाट्याच्या वर बसतो, त्यामुळे माथा मागे न्यायचा तर पाचरीची जाड बाजू पुढे हवी. ती मागे बसली. उपाय म्हणून घातलेल्या पाचरीने दुखणे आणखी 2 अंशांनी वाढवले होते. आम्ही खोलण्यापूर्वी नकलच्या टोपीच्या सपाट भागावर मोबाइल ठेवून कोन घेतला होता, तो उजवीकडे अर्धा अंश आणि डावीकडे जवळजवळ शून्य होता. तेव्हा आम्हाला वाटले मोबाइल चुकतो आहे.

पाचर उलटी कोणी घातली हे मी विचारले नाही आणि चाचांनीही कोणाला नावे ठेवली नाहीत. ते एवढेच म्हणाले, "शॅकल बदललं नसतं तर पाचर लागलीच नसती." आणि तसेच झाले. जुन्या मापाचे शॅकल, नवे बुश, पाट्यांना कमान देऊन घेतलेली, नवा सेंटर बोल्ट, नवे यू-बोल्ट, आणि पाचर काढूनच टाकली. कमान देण्याचे काम शेजारच्या पाटेवाल्याकडे झाले. त्याने उजव्या पाट्याचे एकेक पान ऐरणीवर ठेवून, खडूने आखलेल्या कमानीला लावून पाहत, घणाचे नेमके ठोके देत वळवले. दोन पानांना बारीक चिरा होत्या, ती बदलली. पानांमधला गंज घासून मध्ये ग्रॅफाइटचे ग्रीस लावले. पूर्वी टांग्यांचे पाटेही हीच माणसे करत असत.

पुढची जुळवणी लवकर झाली. बेल क्रँकची पिन आणि बुश नवे, टाय रॉडची दोन टोके नवी, शॉकअप नवे, ब्रीदर साफ, नमदा आणि सील नवे, आणि क्रॉस जॉइंट तपासून तोच परत. डॅम्पर चाचांनी काढून ठेवला. चाकांचा टो-इन, म्हणजे पुढच्या बाजूने ती किती आत वळलेली आहेत ते, त्यांनी लाकडी फळीवर दोन खिळे ठोकून मोजला: चाक उचलून फिरवत टायरच्या मध्यावर खडू आणि खिळ्याने रेघ ओढायची, मग दोन्ही चाकांवरच्या रेघांमधले अंतर समोरून आणि मागून घ्यायचे, समोरचे 2 मिलिमीटरने कमी असेपर्यंत टाय रॉड फिरवायचे. मोबाइलवर झुकाव 2.75 अंश आला, दोन्हीकडे जवळजवळ सारखा.

पहिल्या फेरीला मी अण्णांना बरोबर घेतले. ते डावीकडे बसले, दार नसलेल्या बाजूचा दांडा धरून. पूल जवळ आला तेव्हा मी वेग कमी केला नाही, काटा 50 वर होता. सांध्यावर पुढची चाके एकदा धपकन बसली आणि पुढे गेली. स्टिअरिंग हातात स्थिर राहिले. अण्णांनी दांडा सोडला, थोडा वेळ रस्त्याकडे पाहिले आणि म्हणाले, "यू-बोल्ट दोनशे किलोमीटरवर पुन्हा आवळ. ओझं टाकून." नव्या पाट्यांची पाने एकमेकांवर बसतात, यू-बोल्ट थोडे ताणतात, म्हणून हे करावे लागते, गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर असतानाच, आणि चारी नट कोपऱ्या-कोपऱ्याने.

कारखान्यात असताना अण्णा एक वही ठेवत. अधिकृत लॉगबुक वेगळे, ही त्यांची स्वतःची. पंधरा दिवसांनी सगळ्या निपलांना ग्रीस, कुठला पाटा कधी तुटला, कुठले बुश कधी बदलले, सगळे निळ्या शाईत. लांब शॅकलची नोंद तिच्यात नाही, म्हणजे ते त्यांच्यानंतर झाले. परवा 214 किलोमीटर झाल्यावर मी रानातल्या घरासमोर चार पोती खत मागे टाकून यू-बोल्ट आवळले. डावीकडचे चारही नट जेमतेम पाव फेरी फिरले. उजवीकडचे पुढचे दोन तसेच, मागचा आतला नट मात्र जवळजवळ अर्धी फेरी गेला. मी सगळ्या नटांवर आणि प्लेटवर मिळून पांढऱ्या रंगाची एकेक रेघ ओढली, वहीत अण्णांच्या शेवटच्या नोंदीखाली तारीख आणि किलोमीटर लिहिले, आणि त्या एका नटासमोर लिहिले: पुन्हा 200 वर पाहणे.